घटनास्थळ खोटे, पंचनामा खोटा

रहस्यकथेत खून कोणी केला, या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या पानावर मिळाले तरी चालते. खून कुठे झाला, याचे उत्तर मात्र पहिल्या पानावर द्यावे लागते. पोलीसही तेच करतात. प्रेत सापडले की दोन पंच बोलावून आधी घटनास्थळाचा पंचनामा होतो. त्यात जागेची चतुःसीमा लिहितात. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला कोणाची भिंत, उत्तरेला कोणता रस्ता. दार कुठे उघडते, दिवा कुठे आहे, तिथून काय दिसते आणि काय दिसत नाही. ही चतुःसीमा चुकली तर पुढे बचावाचा वकील तेवढ्या एका चुकीवर अख्खा खटला खिळखिळा करतो.

आपल्या रहस्यकादंबऱ्यांना हीच कसोटी लावून पाहा. अपवाद आहेत आणि त्यांना माझा सलाम आहे. पण एकूण ढीग उपसला तर दोनच घटनास्थळे हाती लागतात. पहिले, शहराबाहेरचा एकाकी बंगला. त्याला गंजलेले फाटक असते, म्हातारा माळी असतो आणि वीज नेमकी त्याच रात्री जाते. दुसरे, मोहल्ला. त्याला फाटक नसते, माळी नसतो आणि खरे पाहता माणसेही नसतात. असतो तो अंधार, अत्तराचा वास, सुरमा घातलेले डोळे, कबाबाचा धूर आणि 'भाई' म्हणून हाक मारणारा कोणी एक. खून बंगल्यात होतो, खुनी मोहल्ल्यात सापडतो. या मोहल्ल्याला कधी भेंडीबाजार म्हणतात, कधी डोंगरी. वस्ती उपनगरांत सरकली तशी नावेही सरकली. मग जोगेश्वरी आली, कुर्ला आला, असल्फा आले. नाव खरे असते. नावाखाली जे छापले जाते त्यातले काहीच खरे नसते.

खऱ्या जागा लेखकाला प्रेरणा देतात, असे आपण मुलाखतींतून आणि प्रस्तावनांतून नेहमी ऐकतो. माझे म्हणणे एवढेच आहे की बहुतेक वेळा जागेने प्रेरणा दिलेलीच नसते. लेखकाने जागेची फक्त बदनामी उसनी घेतलेली असते. जागा आणि जागेविषयीची अफवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीतून रहस्य निघते, दुसरीतून फक्त संशय निघतो. आणि हा संशय पुस्तक मिटल्यावर कपाटात जात नाही. तो त्या पत्त्यावर राहणाऱ्या माणसांच्या दाराशी जाऊन उभा राहतो.

जागा लेखकाला खरोखर काय देते हे पाहायचे तर या प्रकाराच्या मोठ्या कारागिरांकडे जावे. आर्थर कॉनन डॉयल १९०१ साली डार्टमूरच्या माळरानावर गेला. तिथे त्याला दलदल भेटली, धुके भेटले, प्रिन्सटाउनचा तुरुंग भेटला आणि भुताळी कुत्र्याच्या दंतकथा भेटल्या. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीतून यातले काहीही काढून पाहा. दलदल काढली तर कुत्रा लपवायला जागा उरत नाही. तुरुंग काढला तर माळावर भटकणारा पळपुटा कैदी उरत नाही. दंतकथा काढली तर भीतीच उरत नाही. म्हणजे माळरान हे तिथे पडद्यामागचे चित्र नाही, ते कटातले एक पात्र आहे. याच डॉयलने होम्सला बेकर स्ट्रीटवर २२१ ब क्रमांकाचे घर दिले, तेव्हा त्या रस्त्यावर इतक्या मोठ्या क्रमांकाचे घरच नव्हते. घराचा आकडा खोटा असला तरी चालला, कारण धुके, घोडागाडी आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती खऱ्या होत्या.

जपानच्या सेइचो मात्सुमोतोने १९५८ साली पुस्तकरूपाने आलेल्या एका कादंबरीत सगळे रहस्य टोकियो स्थानकावरच्या चार मिनिटांवर उभे केले. गाड्यांची ये-जा अशी की दिवसातल्या त्या चार मिनिटांतच एका फलाटावरून पलीकडचा फलाट मोकळा दिसतो. मग त्याच वेळी तिथे साक्षीदार उभे होते, हा योगायोग की कोणाची योजना? रेल्वेचे वेळापत्रक हाच त्या पुस्तकाचा प्राण आहे. आता सांगा, वेळापत्रकावर जगणारे शहर म्हणजे आपली मुंबई. रोजची ८.१२ आणि ९.०४ यांवर घरातला स्वयंपाक ठरतो. तरी लोकलच्या चार मिनिटांवर उभी राहिलेली किती मराठी रहस्यकादंबरी तुम्हाला आठवते?

बंगालीत सत्यजित राय यांनी फेलूदाला कलकत्त्याच्या रजनी सेन रोडवर घर दिले. हा रस्ता खरा आहे. १९७१ च्या 'सोनार केल्ला' या कादंबरीत त्यांनी फेलूदाला जैसलमेरच्या किल्ल्यापर्यंत नेले आणि बंगाली प्रवासी आजही तो किल्ला त्याच नावाने पाहायला जातात. एका रहस्यकथेने हजार मैलांवरच्या जागेची इज्जत वाढवली. आपल्या रहस्यकथेने शेजारच्या स्टेशनाची वाढवली का?

कोणी म्हणेल, मग काल्पनिक जागा लिहायचीच नाही का? जरूर लिहावी. आमच्याकडच्या उर्दू वाचणाऱ्या घरांत इब्ने सफी यांची पुस्तके हातोहात फिरत. १९५२ मध्ये अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली, १९५५ पासून इम्रानची मालिका आली. त्यांनी देश कल्पनेतले निर्माण केले, झीरोलँडसारखी गुन्हेगारांची सत्ता कल्पनेतून उभी केली. एकाही खऱ्या मोहल्ल्याच्या कपाळी डाग न लावता लाखो वाचकांची झोप उडवली. हा एक प्रामाणिक मार्ग झाला. दुसरा मार्ग एडगर ॲलन पो याचा. १८४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेरी रॉजर्स या तरुणीचे प्रेत हडसन नदीत मिळाले. पोने ती घटना उचलली, नावे बदलली आणि १८४२ मध्ये गोष्ट पॅरिसच्या सीन नदीकाठी नेली. जागा लपवली, पण पुराव्याचा तपशील सोडला नाही. तिसरा मार्ग राय यांचा, नाव खरे आणि जागाही खरी. हे तिन्ही मार्ग खुले आहेत. आपल्याकडे चालतो तो चौथा: नाव खरे, जागा खोटी. फसवणूक याच मार्गावर आहे.

आता मराठीकडे येऊ. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांनी मराठी माणसाला वाचायची चटक लावली, हे ऋण कोणी नाकारू नये. गंमत अशी की ज्या नावाने ते घरोघर पोचले तेच एका जागेचे नाव आहे. विरारला उतरून ज्या अर्नाळ्याला जातात ते अर्नाळा. त्यांच्या भराच्या काळात बोरिवली आणि मुलुंड ही मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हती. १९५० मध्ये शहराची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. तेव्हा 'शहराबाहेरचा बंगला' म्हटले तर त्याला काही अर्थ तरी होता. आज काय आहे? २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसे होती आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ९३ लाख. मुंबईची चार माणसे घेतली तर तीन उपनगरातली. मराठी रहस्यकादंबरीचा वाचकही तिथलाच. तो बोरिवलीच्या गाडीत उभा राहून खंडाळ्याच्या बंगल्यातला खून वाचतो.

याच मराठीत भा. रा. भागवतांनी बनेश फेणेला पुण्याजवळच्या फुरसुंगीचा केला आणि कधीही पुण्याला न गेलेल्या पोरांना फुरसुंगी माहीत झाली. मधु मंगेश कर्णिकांनी १९६९ मध्ये 'माहीमची खाडी' लिहिली आणि गाडीच्या खिडकीतून नाक दाबून पाहिलेली वस्ती वाचकाला आतून पाहायला लावली. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. तिथल्या झोपडीत बसून त्यांनी वारणेच्या खोऱ्यातला फकिरा लिहिला आणि 'चिरागनगरची भुतं' या नावाने त्या वस्तीलाही पुस्तकात जागा दिली. म्हणजे जागा पाहण्याची नजर मराठीत नाही असे नाही. ती रहस्यकथेच्या दारात आली की का मिटते, एवढाच माझा सवाल आहे.

उपनगरांत लिहिण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्यांसाठी नकाशाच मांडतो. अंधेरी आणि बोरिवली पश्चिम रेल्वेवर, घाटकोपर आणि मुलुंड मध्य रेल्वेवर. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि दोन रेल्वेमार्ग सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या पुलाने जोडले गेले. त्याआधी अंधेरीहून घाटकोपरला बसने जायचे म्हणजे साकीनाक्याच्या वाहतुकीत तास-दीड तास मोडत असे. आता वीस-पंचवीस मिनिटे. म्हणजे २०१३ मध्ये 'मी सात वाजता अंधेरीत होतो, साडेसातला घाटकोपरला कसा पोचेन?' हा आरोपीचा बचाव बिनतोड होता; २०१५ मध्ये तोच बचाव हास्यास्पद ठरतो. एका पुलाने एक अख्खी पळवाट बुजवली. हा शोध लावायला इंग्लंडला जावे लागत नाही, तिकीट काढावे लागते.

बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये काय आहे? सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान. रेल्वेने बोरिवलीहून मुलुंडला जायचे तर दादरचा वळसा, नाहीतर मेट्रोने घाटकोपर. पण मधे जंगल आहे, कान्हेरीची लेणी आहेत, तलाव आहेत, पाऊलवाटा आहेत आणि बिबटे आहेत. पाड्यांवर राहणारे आदिवासी आहेत, ज्यांना त्या वाटा माहीत आहेत. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या जंगलातल्या हजारो झोपड्या उठल्या आणि अनेकांना चांदिवलीच्या इमारतींत धाडले गेले. डॉयलला कुत्रा आणि दलदल मिळाली तर त्याने जग जिंकले. इथे बिबट्या आहे, रान आहे, रानाच्या दोन्ही कडांना वीस-वीस मजली इमारती आहेत आणि 'बिबट्याने नेले' असे म्हणून काय काय झाकता येईल याची मोजदाद नाही. तरी आमचा लेखक खंडाळ्याला जातो.

मुलुंडला मुंबईची हद्द संपते. पलीकडे ठाणे पोलीस आयुक्तालय. प्रेत नाक्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर तपास कोणाचा ते ठरते. २०१७ च्या जुलैत जकात बंद होईपर्यंत या नाक्यावर ट्रकांची रांग लागत असे. कोणती गाडी कधी शहरात आली याचा कागद तिथे फाडला जाई. तो कागद गेला आणि तपासाचा एक धागाही गेला. रुळांवरचे प्रेत रेल्वे पोलिसांचे, फलाटाबाहेरचे शहर पोलिसांचे. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांतल्या किती जणांची ओळखही पटत नाही. खून लपवायला यापेक्षा भयानक गर्दी कुठे आहे? शवविच्छेदन घाटकोपरच्या राजावाडीत होणार की जुहूच्या कूपरमध्ये, हे ज्याला माहीत नाही त्याने उपनगरातला खून लिहायला घेऊ नये.

आणि हेतू? रहस्यकथेला हेतू लागतो. उपनगरात हेतू जमिनीत पुरलेला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांची मंजुरी पुरते. म्हणजे पन्नास आणि एक्कावन्न यांच्यामध्ये जो सभासद उभा आहे त्याच्या जिवाची किंमत किती, हे बिल्डरला चोख माहीत असते. झोपडपट्टी पुनर्वसनात 'परिशिष्ट दोन' नावाची पात्र रहिवाशांची यादी असते. त्यात नाव आले तर घर, नाही आले तर रस्ता. मेलेल्या माणसाचे नाव त्या यादीत जिवंत राहते आणि जिवंत माणसाचे नाव त्यातून मरते. यापेक्षा मोठे मृत्युपत्र कोणत्या इंग्रजी बंगल्यात सापडले होते? १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर अवाढव्य फलक कोसळून १७ माणसे मेली. ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना तो १२० बाय १२० फुटांचा होता. तिथे सुरा नाही, विष नाही, सुरम्याचे डोळे नाहीत. तिथे परवानग्या आहेत, सह्या आहेत, एकमेकांकडे ढकललेल्या फायली आहेत. उपनगरातला गुन्हा असा दिसतो.

हे दुसऱ्यांना दिसले, हीच खरी शरम. कल्पना स्वामिनाथन यांनी लल्ली नावाची निवृत्त पोलीस अधिकारी विलेपार्ल्यात वसवली आणि २००६ पासून तिच्यावर एकामागून एक रहस्यपुस्तके लिहिली. ती इंग्रजीत आहेत. मुंबईत दहा वर्षे काढलेल्या वसीम खान या ब्रिटिश लेखकाने २०१५ मध्ये अंधेरीच्या कुशीतल्या सहार ठाण्यातून निवृत्त झालेला इन्स्पेक्टर चोप्रा निर्माण केला, तोही इंग्रजीत. विक्रम चंद्रा यांनी २००६ च्या 'सेक्रेड गेम्स' या नऊशे पानांच्या कादंबरीत कैलासपाडा आणि गोपाळमठ ही नावे योजली, पण वस्ती कशी उठते, डबर कुठून येते, पाण्याचा नळ कोण आणतो आणि त्या बदल्यात काय मागतो हे सारे उपनगरातून घेतले. पार्ले आमचे, सहार आमचे, नळावरची भांडणे आमच्या भाषेतली आणि रहस्यकादंबरी मात्र इंग्रजीत. मराठीत उरला तो बंगला आणि तो मोहल्ला.

आता त्या मोहल्ल्याविषयी, कारण मूळ भांडण तिथे आहे.

रहस्यकथेचा एक कायदा आहे आणि तो आपल्या अनेक कायद्यांपेक्षा न्याय्य आहे. संशय सर्वांवर सारखा. जहागीरदारावरही, आचाऱ्यावरही, डॉक्टरवरही आणि मयताच्या बायकोवरही. ज्याच्यावर पहिल्यांदा संशय येतो तो बहुधा निर्दोष निघतो. शेजारपाजारच्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवले तो खुनी नसतो. शिक्षा पुराव्याने होते, चेहऱ्याने नाही. म्हणून रहस्यकथा वाचणारा वाचक खरे तर उतावळेपणा सोडायला शिकतो. मोहल्ल्याचे लेबल हा कायदा मोडते. 'गाडी जोगेश्वरीच्या त्या गल्लीत शिरली' एवढे वाक्य आले की वाचकाला खुनी कळलेला असतो. मग पुढची दीडशे पाने कशासाठी? म्हणजे हे लेबल आमच्यावर अन्याय करते ते राहू द्या. ते आधी रहस्याचाच गळा घोटते. आळशी लेखनाची ही शिक्षा आहे. दुर्दैवाने ती लेखकाला होत नाही.

ती कोणाला होते? उपनगरात भाड्याचे घर शोधणाऱ्या पोराला विचारा. दलालाचा आवाज फोनवर गोड असतो, नाव ऐकले की सोसायटीचा नियम निघतो. कर्जाचा अर्ज भरणाऱ्याला विचारा. पगाराची पावती पाहण्याआधी पत्ता पाहिला जातो. मुलीचे स्थळ आणणाऱ्या आपल्याच माणसांना विचारा. तेही 'तिकडे राहतात होय?' म्हणून थांबतात. हे सारे रहस्यकादंबरीमुळे झाले असे मी म्हणत नाही. ती इतकी ताकदवान असती तर काय हवे होते! पण ज्या हवेत हे घडते ती हवा तयार करण्यात सिनेमा, वर्तमानपत्र आणि हे दीडशे पानी पुस्तक यांचा वाटा आहे. आपला वाटा कोणी नाकारू नये.

घाटकोपरचेच उदाहरण घ्या. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाजवळ बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. पकडलेल्यांत परभणीचा एक तरुण इंजिनिअर होता, ख्वाजा युनूस. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की त्याला तेव्हाच्या औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याच्याबरोबरच्या आरोपीने न्यायालयात सांगितले की कोठडीत त्याला बेदम मारताना आपण पाहिले. गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात पळून गेल्याची कथा टिकली नाही. पोलिसांवरच आरोपपत्र दाखल झाले. प्रेत कधीच मिळाले नाही. २००५ मध्ये पोटा न्यायालयाने बसस्फोटाच्या खटल्यातल्या आरोपींना निर्दोष सोडले. कोठडीतल्या मृत्यूचा खटला मात्र दोन दशके उलटली तरी रेंगाळत राहिला.

रहस्यकथेच्या भाषेत पाहा. दोन घटनास्थळे आहेत, एक घाटकोपरच्या कोठडीतले आणि दुसरे पारनेरच्या रस्त्यावरचे. दुसरे उभे केले ते पहिले झाकायला. रस्त्यालाच विचारले असते, गाडीच्या पत्र्याला विचारले असते तर जागेने लगेच साक्ष दिली असती. पण तेव्हा किती जणांनी विचारले? बहुतेकांना खुनी आधीच कळलेला होता. नाव कळले होते, तेवढ्यावर भागले. जागेची साक्ष काढायची सवय ज्या वाचकाला लागलेली नसते, तो अशी कथा सहज गिळतो. त्या सवयीचे वर्ग भरवायचे काम रहस्यकथेचे होते. तिने ते केले नाही.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. पहिला आक्षेप: रहस्यकथा ही करमणूक आहे, तिच्यावर एवढे ओझे कशाला? मी ओझे टाकत नाही, कारागिरी मागतो. शिंप्याने माप न घेता सदरा शिवला तर तो अंगात बसत नाही, इतकी साधी ही मागणी आहे. डॉयलही करमणूकच करत होता.

दुसरा आक्षेप: त्या वस्त्यांत गुन्हे होत नाहीत का? होतात. जिथे माणसे राहतात तिथे गुन्हे होतात. उच्चभ्रू सोसायटीत होतात, मंदिर-मशिदीच्या विश्वस्त मंडळांतही होतात. असल्फ्यातला चोर जरूर रंगवा. पण असल्फ्यातला रंगवा. डोंगरउतारावरच्या त्या घरांत पावसाळ्यात पाणी कुठून शिरते, भिंतीला भिंत लागून असताना त्या गल्लीत गुपित कसे राहते, घरभाडे कोण वसूल करतो, हे सांगा. दहा फुटांच्या खोलीत सहा माणसे झोपत असताना एकाने रात्री उठून खून करून परत येऊन झोपायचे म्हणजे किती अवघड काम, हा विचार तरी करा! तिथेच तुमचे रहस्य आहे. बंद खोलीचे रहस्य सगळ्यांनी लिहिले. कधीच बंद न होणाऱ्या खोलीचे रहस्य अजून लिहायचे आहे.

तिसरा आक्षेप: खरी जागा लिहिली की लोक चिडतात, मोर्चे येतात. चिडतात ते नावावर. ज्याला आपली गल्ली पुस्तकात खरी दिसते तो आधी शेजाऱ्याला पुस्तक दाखवतो. आणि भीतीच असेल तर पोचा मार्ग आहे, इब्ने सफींचा मार्ग आहे. नाव बदला.

चौथा आक्षेप वजनदार आहे. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ मध्ये 'द परफेक्ट मर्डर' लिहून मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे जन्माला घातला, तेव्हा त्याने मुंबई पाहिलीही नव्हती. दहाएक वर्षे तो न पाहताच लिहीत राहिला. पुस्तकाला पारितोषिक मिळाले, १९८८ मध्ये नसीरुद्दीन शाहांना घेऊन चित्रपटही झाला. मग जागा पाहण्याची गरज काय? उत्तर असे की कीटिंगने घोटेला माणूस केले. भित्रा, सचोटीचा, साहेबांसमोर गांगरणारा माणूस. जागेत जे कमी पडले ते त्याने माणसात भरले. आमच्या लेबलवाल्यांनी जागाही भरली नाही आणि माणूसही. शिवाय कीटिंगसमोर समुद्र होता. आमच्या लेखकासमोर काय आहे? अंधेरीचा फलाट क्रमांक?

एक गोष्ट आपल्या घरातल्यांनाही सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. लेबलाला उत्तर म्हणून आपल्यातले काही जण उलटे लेबल लावतात. त्यांच्या मोहल्ल्यात सगळे पाचवेळचे नमाजी, सगळ्या अम्मा प्रेमळ, सगळी पोरे होतकरू आणि सगळा दोष बाहेरच्यांचा. तोही खोटा पंचनामाच आहे. आमच्या वस्तीत भाऊ भावाची खोली हडपतो, वक्फच्या जागेवर आपलाच माणूस गाळे बांधतो, परिशिष्ट दोनमध्ये आपल्याच विधवा बहिणीचे नाव गळते. हे लिहायला आपण कचरतो, कारण लेबलवाल्यांच्या हातात कोलीत जाईल अशी भीती वाटते. पण खऱ्या जागेतला खरा गुन्हेगार लिहिला तर लेबल गळून पडते; कारण मग गुन्हा एका माणसाचा होतो, गल्लीचा राहत नाही. रहस्यकथेइतके हे काम दुसरा कोणता साहित्यप्रकार करू शकेल? शंभर माणसांतून एकाला वेगळे काढणे आणि उरलेल्या नव्याण्णवांना निर्दोष घरी पाठवणे, हेच तर तिचे काम.

म्हणून लिहू पाहणाऱ्या पोरापोरींना माझे सांगणे साधे आहे. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा सुमारे दोनशे फुटी काळा कडा, माथ्यावर देऊळ, पायथ्याला चारी बाजूंनी दाटलेली वस्ती. वर चढा आणि वहीत चतुःसीमा लिहा. पूर्वेला कोणाचे छप्पर दिसते, पश्चिमेला कोणती खिडकी, उत्तरेला कोणती मशीद, दक्षिणेला कोणते बांधकाम अडून राहिले आहे आणि ते कोणाच्या सहीसाठी अडले आहे. मग खाली उतरा आणि ज्यांची घरे वरून मोजली त्यांच्याशी बोला. एवढे झाल्यावर खुशाल खून करा, कोणाच्याही घरात. आणि ज्यांना एवढे चढणे-उतरणे जमत नसेल त्यांनी आपला बंगला सांभाळावा, वीजही खुशाल घालवावी. आमच्या गल्लीचे नाव तेवढे घेऊ नये.